पिल्लाची आई कुठे आहे, हे आम्ही विचारलंच नाही

सोनचाफा

आमची बिट्टू, आमचं कुत्र्याचं पिल्लू, जाऊन आज बावीस दिवस झाले. इथे लिहावं की नाही, यातच इतके दिवस गेले. पण काल सोसायटीतल्या मैत्रिणीने पिल्लांची एक जाहिरात दाखवली. नंबर वेगळा होता, फोटो मात्र तोच, आमच्या बिट्टूचा. मग राहवलं नाही.

लेक सातवीत आहे. दोन वर्षं पिल्लासाठी मागे लागली होती. शेवटी ह्यांनी होकार दिला आणि बीगल जातीचं पिल्लू घ्यायचं ठरलं. समाजमाध्यमावर एक पान सापडलं, फोन केला. माणूस इतका गोड बोलला की बास. "होम ब्रीड आहे ताई, ४५ दिवसांची फीमेल, दोन शॉट (लसी) झालेत, डीवर्मिंग (जंताचं औषध) झालंय. पेपरवाली (वंशावळीचा कागद असलेली) हवी असेल तर आठ हजार जास्त." बिनकागदाची अठरा हजारांना ठरली. पाच हजार टोकन लगेच पाठवले.

मी म्हटलं, घरी येऊन बघू का? तर म्हणाला, "दुसरी फीमेल आत्ताच व्यायलीय. बाहेरचं माणूस आलं की पिल्लांना इन्फेक्शन होतं." मला तर वाटलं, किती काळजी घेणारा माणूस आहे! पुण्याच्या बाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडला, पेट्रोल पंपाजवळ त्याने पिल्लू आणून दिलं. फळांचं खोकं, त्यात वर्तमानपत्र, आणि टाल्कम पावडरचा घमघमाट. घरी येईपर्यंत ती झोपून होती. आम्ही म्हटलं, किती शांत आहे.

तिसऱ्या दिवशी खाणं बंद, उलट्या सुरू. रात्री रक्ताचे जुलाब. सकाळी डॉक्टरांनी किटवर तपासलं, पार्वो निघाला, कुत्र्यांचा उलट्या-जुलाबांचा विषाणूचा आजार. तीन दिवस रोज सलाईन. लेक शाळेतून आली की तिथेच, सुई लावलेला पाय हातात धरून बसायची. सातव्या दिवशी पहाटे बिट्टू गेली. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "आमच्याकडून ठणठणीत गेली होती, तुम्ही काय खायला घातलं?" आणि मग ब्लॉक.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तिचं तोंड उघडून बघितलं होतं. म्हणाले, ही जेमतेम पाच आठवड्यांची आहे. लेकीने विचारलं, मग हिची आई कुठे आहे? हिला दूध कोण पाजत होतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अठरा हजारांची वस्तू घेताना मी जेवढी चौकशी केली असती, तेवढीसुद्धा इथे केली नाही.

निळी_छत्री

वाचून गलबलून आलं. लेकीला जवळ घ्या. तुमची चूक भाबडेपणाची होती, त्या माणसाची तशी नव्हती.

पशुवैद्य_कऱ्हाड

सोनचाफाताई, तुमच्या डॉक्टरांनी दात बघून सांगितलं ते बरोबर आहे. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पिल्लाचे पुढचे दात आणि सुळे साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतात, दाढा त्यामागून. दुधाचे २८ दात पुरे व्हायला आठ आठवडे होत येतात. विकणारा "दीड-दोन महिन्यांचं" म्हणतो आणि तोंडात मागच्या दाढांचा पत्ता नसतो, हे मी महिन्यातून दोनदा तरी बघतो.

पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू आजार घेऊनच तुमच्या घरी आलं, असं धरून चाला. तुम्ही काय खायला घातलं याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. हे मुलीलाही सांगा. मुलं मनातल्या मनात स्वतःला दोष देत राहतात.

आता "दोन शॉट" बद्दल. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांदरम्यान देतात. नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. इतके डोस लागतात याचं कारण आईच आहे. तिच्या पहिल्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती काही आठवडे लसीलाही काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून लस पुन्हापुन्हा द्यावी लागते. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे दोन डोस झाले, हे पटण्यासारखंच नाही. कार्डावर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर असतो, शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. नुसती पेनने तारीख टाकलेलं कार्ड म्हणजे कोरा कागद.

आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाचं आणखी एक नुकसान होतं आणि ते मोठेपणी दिसतं. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू आई आणि भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो, आई दटावते. हे शिक्षण सुटलेली कुत्री माझ्याकडे वर्षभराने येतात आणि मालक म्हणतात, "डॉक्टर, हा घरच्यांनाच चावतो."

एक विनंती. इतक्यात दुसरं पिल्लू आणू नका. हा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो. फिनेल किंवा डेटॉलवर विसंबू नका. आधी फरशी साबणाने धुवा, मग साधं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून फिरवा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंथरूण, पट्टा, भांडी टाकून द्या.

माळरान_नाशिक

मी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात शनिवार-रविवार मदत करते. सोनचाफा, तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते सोपं नाही, तरी लिहिते.

गेल्या पावसाळ्यात एकाने फोन केला, रस्त्याकडेला लॅब्रडॉर पडलीय. आम्ही गेलो. वय असेल सहा-सात. आचळं ओघळून जमिनीला टेकलेली, एकात लिंबाएवढी गाठ. नखं इतकी वाढलेली की वळून तळव्यात रुतली होती. कोपरांवर सिमेंटच्या फरशीवर पडून पडून घट्टे. आणि मागून पू येत होता, गर्भाशय सडत आलं होतं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तिचं नाव आम्ही माई ठेवलं.

ती बरी झाल्यावर पहिल्यांदा तिला अंगणात सोडलं तेव्हा ती उंबऱ्यावरच थांबली. गवत तिने कधी पाहिलंच नसावं. एक पाय ठेवला, मागे घेतला, थरथरत उभी राहिली. लॅब्रडॉर! चिखल दिसला की उडी मारणारी जात ती. आजही कुणी हात उचलला की ती भिंतीला चिकटते.

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. गाभणपण त्रेसष्ट दिवसांचं. या लोकांकडे एकही माज रिकामा जात नाही. व्याली की महिन्याभरात पिल्लं ओढून घ्यायची, पुढच्या माजाला पुन्हा नर. खाणं म्हणजे कोंबडीच्या दुकानातली उरलेली आतडी आणि भात. पिल्लं कमी व्हायला लागली की गाडीत घालून लांब सोडायची. जाहिरातीत फोटो पिल्लाचा असतो. ही आई मागे एखाद्या गाळ्यात, गच्चीवरच्या पत्र्याखाली, नाहीतर फ्लॅटच्या बंद बाल्कनीत असते. तुम्हाला घरी येऊ दिलं नाही ते याचसाठी, इन्फेक्शनसाठी नाही.

सोनचाफा

माळरान, वाचताना हात थरथरले. लेकीला अजून वाचून दाखवलं नाही, पण दाखवणार आहे. डॉक्टर, तुमचेही आभार. काल रात्री तिला सांगितलं की आजार आधीच होता. ती काही बोलली नाही, पण बऱ्याच दिवसांनी नीट जेवली.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरजवळ राहतो, अकरा वर्षं जर्मन शेफर्ड पाळतो आणि पिल्लं विकतो. धागा वाचून राग आला, तो या लोकांवर. त्यांच्यामुळे आमच्याकडेही माणूस चोर म्हणूनच बघतो.

माझ्याकडे दोन कुत्र्या आहेत. एकीला वर्षात एकच वेत, तेही तिची तब्येत बघून. दोघींच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे काढून घेतलेत, कारण या जातीत सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात उतरतो. विण्याच्या वेळी मी आणि बायको आळीपाळीने जागतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू हलत नाही. घेणाऱ्याला मी दोनदा घरी बोलवतो. दुपारी घरात कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का, याआधीचा कुत्रा कशाने गेला, हे सगळं विचारतो. तिघांना मी नाही म्हटलंय. एकाला सहाव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये राखणीला हवा होता. आणि विकलेलं पिल्लू कधीही, कुठल्याही कारणाने नको झालं तर ते माझ्याकडे परत आलं पाहिजे, असं लिहून घेतो. असे दोन परत आलेत, दोन्ही माझ्याच अंगणात आहेत.

आता "पेपर" बद्दल. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा, म्हणजे केसीआयचा कागद वंशावळ सांगतो. आई-बाप कोण, त्यांचे आई-बाप कोण, बस. आई कशी ठेवलीय, काय खाते, किती वेळा व्याली, हे त्या कागदावर नसतं. लोक तो कागद सरकारी परवाना समजतात. परवाना वेगळा, तो राज्य प्राणी कल्याण मंडळाचा. आणि जो "पेपर हवे तर आठ हजार जास्त" म्हणतो, त्याच्या कागदाला काय अर्थ? पिल्लू एकच आणि कागद पैशांवर ठरतो?

खरं सांगायचं तर वर्षाचा खर्च काढला की मला यात फारसं काही उरत नाही. पिल्लं विकून बंगले बांधणारे दिसले की समजावं, कुत्रीच्या जिवावर बांधलेत.

एक_गावठी

सगळ्यांचा आदर ठेवून लिहितो. विकत घ्यायचंच कशाला? प्रत्येक गल्लीत पिल्लं आहेत. आमची चिमी बाजार समितीच्या गेटवर सापडली, चौदा वर्षं जगली, इथल्या उन्हापावसाला सरावलेली. मुंबईच्या दमटपणात हस्कीसारखा थंड मुलखातला कुत्रा ठेवायचा आणि दिवसभर एसी लावायचा, हे त्या जिवाचे हाल नाहीत का? पंचगंगाकाठ, तुम्ही प्रामाणिक असाल, पण विकत मिळतं म्हणूनच बाजार आहे.

पंचगंगाकाठ

तुमचं बरंचसं पटतं. हस्की, सेंट बर्नार्ड इथे आणू नयेत, हेही मान्य. पण ज्याला जातिवंत हवाच आहे तो गल्लीतलं पिल्लू घेणार नाही, तो हायवेवर जाईल. त्याला निदान नीट दार दाखवावं, एवढंच म्हणतो.

पशुवैद्य_कऱ्हाड

दोघांच्याही मधलं बोलतो. २००३ च्या सुमारास मोबाइलच्या एका जाहिरातीत पग, म्हणजे चपट्या नाकाचा छोटा कुत्रा, आला आणि घराघरात पग हवा झाला. मागणी एकदम वाढली की ती सावकाश, निगुतीने पैदास करणारा माणूस पुरवूच शकत नाही. ती गाळ्यातलेच लोक पुरवतात, मग भाऊ-बहीण, बाप-लेक असं काही बघितलं जात नाही. आज दवाखान्यात येणाऱ्या कित्येक पगांची नाकपुडी नीट उघडत नाही. झोपेत घोरतो म्हणून लोक कौतुकाने व्हिडिओ काढतात. ते घोरणं म्हणजे श्वासाची ओढाताण आहे हो. उन्हाळ्यात असा एखादा दुपारी फिरवला की थेट टेबलावर येतो, आणि दरवेळी वाचवता येतो असं नाही.

दुपारची_एसटी

हा धागा नेमका आज दिसला. मी एका लॅब्रडॉरच्या पिल्लासाठी तीन हजार टोकन दिलंय. परवा खाजगी बसने पाठवणार आहेत, ड्रायव्हरकडे. आता वाचून पोटात गोळा आलाय. पण व्हिडिओत ते पिल्लू इतकं केविलवाणं दिसतंय की वाटतं, निदान एकाला तरी वाचवू. घेऊन येऊ का? काय करू?

माळरान_नाशिक

दादा, हा विचार मनात येणं तुमच्या चांगुलपणाचंच आहे. मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. पण तुम्ही पैसे दिलेत की त्या माणसाच्या हिशेबात एवढंच उतरतं की माल खपला. पुढच्या माजाला तीच कुत्री पुन्हा. तुम्ही एक पिल्लू उचलाल आणि त्याच पैशांत त्याच्या आईवर आणखी एक वेत लादलं जाईल. हे लिहिताना मला त्रास होतोय, कारण ते पिल्लूही खरंच आहे आणि त्याचा काही दोष नाही. म्हणून पाठ फिरवून गप्प बसायचं नाही, तक्रार करायची.

आधी एक करा. त्याला सांगा, आत्ताच्या आत्ता व्हिडिओ कॉल लाव आणि पिल्लू आईच्या अंगाला लागलेलं दाखव. आधी काढलेला व्हिडिओ नको, चालू कॉल. आणि बसने पाठवू नकोस, मी स्वतः येतो म्हणावं.

दुपारची_एसटी

केला कॉल. आधी म्हणाला नेटवर्क नाही. मग एक क्लिप पाठवली, त्यात पिवळी लॅब्रडॉर आणि पिवळी पिल्लं. माझं पिल्लू काळं आहे. तसं विचारलं तर म्हणाला, वेगळ्या फीमेलचं आहे, ती गावाला आहे. मी स्वतः येतो म्हटल्यावर आवाजच बदलला. "घ्यायचं तर घ्या, लाइनीत दहा जण आहेत. टोकन परत मिळणार नाही."

नाही घेतलं. तीन हजार गेले ते गेले. पण रात्रभर त्या काळ्या पिल्लाचा व्हिडिओ बघत होतो. सगळे मेसेज, पैसे पाठवल्याची पावती, नंबर जपून ठेवलेत. पुढे कुठे जायचं?

कलमदान

वकिली करते, म्हणून उत्तर देते.

२०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांवर स्वतंत्र नियम केले, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० च्या आधाराने. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करताच येत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र जागेवर लावलेलं हवं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवलेली हवी. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतरही नाहीत, बारा महिन्यांत एकाहून जास्त वेत नाही आणि जन्मभरात पाचांहून जास्त नाही. पेट शॉपसाठी २०१८ चे नियम आहेत, त्यांनाही नोंदणी लागते. म्हणजे सोनचाफाताईंच्या व्यवहारात, लिहिलंय त्यावरून, पिल्लाचं वय हाच पहिला भंग आहे.

दुखरी बाजूही सांगते. मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हो, पन्नास. १९६० सालचा आकडा तसाच राहिलाय. एका पिल्लामागे अठरा हजार घेणाऱ्याला त्याची काय भीती? हा दंड वाढलाच पाहिजे, आपल्या खासदारांना याबद्दल लिहिलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तरीही तक्रार करा. लेखी अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात, प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि राज्य मंडळाला. पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. शिवाय तुम्ही ग्राहक आहात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही. सोनचाफाताई, दवाखान्याची बिलं, पार्वोच्या तपासणीचा अहवाल आणि पिल्लाच्या वयाबद्दल डॉक्टरांचं लेखी मत, हे तिन्ही लागेल.

टेम्सकिनारी

इंग्लंडमधून लिहितोय. इथेही हेच होतं. वेल्समधल्या एका पिल्लांच्या फार्मवरून २०१३ साली लूसी नावाची कॅव्हेलियर जातीची कुत्री सुटली. सतत पिल्लं घेऊन घेऊन तिची पाठ वाकली होती. तिच्या नावाने लोकांनी मोहीम चालवली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये लूसीचा कायदा लागू झाला. सहा महिन्यांच्या आतलं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू दुकानदाराने, दलालाने विकायचं नाही. घ्यायचं तर थेट पैदास करणाऱ्याकडून, जन्मल्या जागी, आईसोबत बघून. नाहीतर निवाऱ्यातून.

पण लबाडी संपली नाही. काही जण भाड्याचं छान घर घेतात आणि दुसरीच कुत्री "आई" म्हणून बसवतात. म्हणून नुसती आई दिसली एवढ्यावर थांबू नका. पिल्लं तिच्याजवळ धावत जातात का, तिच्या आचळांना दूध आहे का, ती त्यांना चाटते का, ते बघा. पिल्लांकडे ढुंकूनही न बघणारी आई बहुधा त्यांची नसते.

पंचगंगाकाठ

शंभर टक्के. माझ्याकडे माणूस आला की कुत्री आधी त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये येऊन उभी राहते. मी तिला हटकत नाही. तिचा हक्क आहे तो.

दुपारची_एसटी

कलमदान ताई, अर्ज दिला. ठाण्यातले हवालदार आधी म्हणाले, कुत्र्याचं काय एवढं. मी २०१७ च्या नियमांची प्रत पुढे ठेवली, मग त्यांनी वाचली. पोहोच मिळाली आहे. तो नंबर अजून चालू आहे, जाहिरातही आहे. दर चार दिवसांनी फोन करून विचारणार आहे.

सोनचाफा

आम्हीही अर्ज करतोय. डॉक्टरांनी वयाचं लिहून दिलं. मैत्रिणीने दाखवलेल्या जाहिरातीची छायाचित्रंही जोडली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा धागा टाकला, तर दोघीजणींनी कळवलं की त्यांचीही पिल्लं अशीच गेली होती. एकीने आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, लोक हसतील म्हणून.

लेकीला काल माईबद्दल वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने तिच्या कपाटातल्या जुन्या चादरी काढून घडी घालून ठेवल्या. माळरान, आम्हाला माईला भेटायला यायचंय. घरी आणण्याबद्दल आत्ता काही बोलत नाही, घर अजून स्वच्छ व्हायचंय. आमच्या बुटाचपलांतून तिला काही होणार नाही ना?

माळरान_नाशिक

या, रविवारी सकाळी या. पत्ता खाजगी निरोपात पाठवते. माईचं सगळं लसीकरण झालंय, तिची काळजी नको. पण आमच्याकडे लहान पिल्लंही आहेत, म्हणून घरातल्या चपला घालू नका, फाटकाशी ब्लीचच्या पाण्याचं घमेलं ठेवते त्यात पायातल्या जोड्यांचे तळ बुडवून या.

लेकीला एक सांगून ठेवा. माई आधी जवळ येणार नाही. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. अंगणात खाली बसायचं, तिच्याकडे पाठ करून, आणि चादर शेजारी पसरून ठेवायची. तासभर लागेल, कदाचित जास्त. गेल्या वेळी एक मुलगा असा बसला होता, तेव्हा ती चादरीच्या कडेपर्यंत आली होती.